विसावं प्रकरण तू वाच

सुरत,
२२ जानेवारी २०२५

चि. आशिष,

आशीर्वाद. ते दरवेळचेच आहेत, रागाने त्यांत घट होत नाही. घरी सगळं बरं आहे. ह्यांचा गुडघा थंडीत कुरकुरतो, मी तर वर्षभर कुरकुरते असं त्यांचं म्हणणं. उत्तरायण संपून आठवडा झाला तरी गच्चीवर मांजाचा गुंता पडलाय.

तुझी कादंबरी महिन्यापूर्वी पोचली. दोन तारखेच्या कार्यक्रमात तिच्यावर माझं भाषण आणि तू प्रमुख पाहुणा, असं वाचनालयाने ठरवलंय. बहिणीने भावाचं कौतुक करावं ही मंडळींची हौस. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून कागद घेतला.

आमच्या वाचनालयात हल्ली पोलिसी कादंबऱ्यांशिवाय नवीन काही येत नाही. ढिगाने वाचल्या. सगळ्यांचा फौजदार एकच. बायको सोडून गेलेली, झोप उडालेली, साहेबाशी वाकडं. हा माणूस कधी घरी बसून वरणभात का खात नाही, ते एकाही लेखकाने सांगितलेलं नाही. तिसऱ्या पानावर बाईचं प्रेत. जखमांचं वर्णन दोन पानं, आणि ती जिवंतपणी काय करायची याला दोन ओळी. हवालदार हसायला ठेवलेला. मग ती खोली. फौजदार दार लावून घेतो, शर्टाच्या बाह्या दुमडतो आणि पुढच्या प्रकरणात संशयित सगळं ओकतो. इथे वाचकाने टाळी वाजवायची! मी नाही वाजवणार. बांधलेल्या माणसाला मारण्यात कसली आली हुशारी? हे लेखन डोक्याचं होतं रे. तुम्ही लोकांनी ते मनगटावर आणून ठेवलंत.

मला सोवळी समजू नकोस. रहस्यकथांची चटक तुला मीच लावली. घरात एका वेळी एकच पुस्तक यायचं. तू आधी शेवटचं पान वाचून खुनी कोण ते फोडायचास आणि माझा धपाटा खायचास.

तुझ्या कादंबरीत बमरोलीच्या माग-कारखान्यांवर भर मे महिन्यात धुकं पडतं. चालू मागांमध्ये उभी राहून दोन माणसं कुजबुजतात. अरे, लूमच्या खात्यात कुजबुजलेलं स्वतःलाही ऐकू येत नाही! शेवटी ऋणनिर्देश: दोन निवृत्त अधिकारी, एक डॉक्टर, एक वकील. ज्याच्या घरी बसून जेवलास, त्याचं नाव नाही.

आता गोपालकडे येते. इतका वेळ टाळत होते.

गेल्या हिवाळ्यात मी तुला डिंडोलीला त्याच्याकडे घेऊन गेले. बमरोलीत माग चालवणारा हा माणूस माझ्या प्रत्येक व्याख्यानाला पहिल्या रांगेत असतो. भरताच्या वांग्यांचा धूर तुझ्या डोळ्यांत जात होता आणि तो तुला आपली हकिगत सांगत होता. कारखान्याच्या ठेकेदाराचा खून झाला त्या पाळीला गोपालची हजेरी लागलेली होती. प्रत्यक्षात माग चालवत होता त्याचा शालक उखा. गोपाल गावी, आजारी आईपाशी. यालाच तिकडे बदली म्हणतात. सुट्टी मागितली तर माग दुसऱ्याच्या हाती जातो, म्हणून माणूस आपल्या जागी आपलाच माणूस उभा करून जातो. शेठला ते ठाऊक असतं, मुकादमाला ठाऊक असतं. पोलिसांना नव्हतं. हजर असल्याचं सोंग रचून हा खून करायला गेला, असं त्यांना वाटलं. तळपाय सुजेपर्यंत मारलं. पुढे ठेकेदाराचा ड्रायव्हर वापीला सापडला, त्याच्याकडे हत्यार सापडलं आणि गोपाल सुटला. पकडल्याचं छापून आलं होतं, सुटल्याचं आलं नाही. अजूनही नळावर भांडण झालं की प्रमिलाबाईंना, त्याच्या बायकोला, ऐकावं लागतं, "चाल व्हय बाजूले, खुनीनी बायको!"

तू विचारलंस, "लिहू का काका?" तो म्हणाला, "लिखा ना भाऊ. मी सुटनू, हाई लोकेस्ले समजू द्या." आपण सुटलो हे लोकांना कळावं, एवढ्यासाठी त्याने तुला सगळं दिलं.

आणि तू? त्याची वाकडी करंगळी ठेवलीस. घराचं हिरवं दार ठेवलंस. बदली तर खुन्याची मोठी अक्कल म्हणून मिरवलीस. नाव बदललंस आणि खून त्याच्या माथी मारलास. "ताई, कल्पित आहे गं, वाचकाला धक्का लागतो," हे तू काल फोनवर म्हणालास. पोलिसांनी केली तीच चूक तू केलीस, आशिष. त्यांनी निदान त्याला सोडलं.

ही कादंबरी मी एकटीने वाचली नाही. पुस्तक आल्याचं कळताच गोपालचा निरोप आला. त्याला स्वतःला वाचता येत नाही, आणि त्याची मुलगी जयश्री गुजराती शाळेत शिकली, मराठी अडखळत वाचते. म्हणून दर रविवारी दुपारी मी डिंडोलीला जाऊन वाचू लागले. शेवट आधी बघायचा नाही हा माझा नियम मीही पाळला. गोपालने ऐकायला कुणाला बोलावलं असेल? नळावरच्याच मंडळींना. त्यांच्यासमोर आपण सुटायचं होतं त्याला! करंगळीचं वर्णन आलं तसा शेजारचा सुपडू ओरडला, "गोपालभाऊ, तू त हिरो व्हयना!" सगळे हसले. गोपालने करंगळी वर करून दाखवली. प्रमिलाबाई म्हणाल्या, "पहिले चहा त पिऊ द्या ताईले."

परवाच्या रविवारी एकोणिसावं प्रकरण संपलं. फौजदाराने दार लावून घेतलं. गोपालने पाय पोटाशी घेतले. म्हणाला, "मंग ताई? सोडी दिन्हं का त्याले?"

माझा नियम मी तिथे मोडला. पुढची पानं चाळली, शेवटच्या पानावर नजर टाकली आणि पुस्तक मिटलं. माईक बंद पडला तरी हॉलच्या टोकापर्यंत ऐकू जाणारी मी, खोटं बोलले. घसा बसलाय म्हणाले. पुढचं लेखक स्वतः येऊन वाचेल म्हणाले. त्याला केवढा आनंद झाला, काय सांगू! "भाऊ सोता येतीन?" म्हणत त्याने मंडळींकडे पाहिलं. कार्यक्रमासाठी नवा शर्ट शिवायला टाकलाय.

व्यासपीठावरून मी तुला उभा फाडला असता, बहीण म्हणून गय केली नसती. पण त्यासाठी तू त्याला काय केलंस ते सांगावं लागेल, आणि तो समोर बसलेला असेल, पहिल्या रांगेत. तू माझं तोंड बांधलंस. आजवर हे कुणाला जमलं नव्हतं.

तेव्हा दोन तारखेचं भाषण मी करणार नाही. वाचनालयाला आजच कळवते. तू मात्र आदल्या दिवशी ये. माझ्याकडे आधी येऊ नकोस, जेवणही ठेवणार नाही. स्टेशनवरून थेट डिंडोलीला जा. हिरवं दार तुला माहीत आहे. मंडळी जमलेली असतील. विसावं प्रकरण वाच, मोठ्याने, गोपालकडे बघत. तो विचारेल, त्याला सोडलं का. उत्तर दे. मग वाटलं तर तिथेच बसून नवं विसावं प्रकरण लिही, आणि तेही त्या सगळ्यांसमोर वाच.

लहानपणी शेवटचं पान गाठायची तुला फार घाई असायची. आता उशीर करू नकोस.

घसा अजून न सुटलेली,
तुझी ताई
उज्ज्वला