उंदरांनी न कुरतडलेली शाल

सिडको, नाशिक
रविवार, ४ जानेवारी

तीर्थरूप नाथामामांस,

तुमच्या भाचीचा, राखीचा, साष्टांग नमस्कार. (एरवी मी नुसता नमस्कार लिहिते. या वेळी आठही अंगं लावली आहेत, कारण तुम्ही रागावला आहात.) थंडीत तुमचा गुडघा कसा आहे? मामींची शुगर? पल्लवीचा अभ्यास? सटाण्यात यंदा पहाटे फारच गारठा पडतो म्हणे. आमच्याकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. खरं म्हणजे चौदा दिवस तुमचा फोन नाही, आणि आई रोज संध्याकाळी सात वाजता, तुमच्या नेहमीच्या वेळेला, मोबाइल पदराने पुसून मांडीवर घेऊन बसते. परवा पप्पांनी विचारलं, चार्जिंग संपलंय का. त्यावर आई जे बोलली ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

मामा, एकच गोष्ट सांगायला हे पत्र. वाचनालयाच्या वर्धापनदिनाला तुमच्या खांद्यांवर जी शाल घातली गेली तिला उंदीर लागलेले नव्हते. ती भोकं मी पाडली होती. मोजून, कागदावर चौकोन आखून, आठ महिने खपून.

झालं असं की बी.एस्सी.चा निकाल लागल्यावर मी वाचनालयाची जुनी पुस्तकं लावून देत होते. रशियातून पूर्वी स्वस्तात पुस्तकं यायची ना, त्यांच्या गठ्ठ्यात विणकामाचं एक पुस्तक निघालं. तेही अस्सल रशियनमध्ये. चाळीस वर्षांत ते एकाही वाचकाने घरी नेलेलं नव्हतं, यात वाचकांचा दोष नाही. पण आत पानोपान काळे-पांढरे चौकोन होते, आणि चौकोनांना भाषा लागत नाही हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. रिकामा चौकोन म्हणजे साधा टाका, गोल म्हणजे भोक, तिरकी रेघ म्हणजे दोन टाके एकत्र. एवढं उमगल्यावर मला झोप लागेना. तिकडच्या बायका बर्फात बसून इतकी पातळ शाल विणतात की अख्खी शाल लग्नाच्या अंगठीतून आरपार जाते! (आईकडे लग्नाची अंगठी नाही, म्हणून मी नंतर तिच्या जोडव्यातून शाल ओढून पाहिली. ती अर्ध्यावर अडकली. मग दोन तास आई एका पायात जोडवं नसताना घरभर फिरत होती आणि नवरा समोर बसलेला असताना हे शोभतं का, असं मला विचारत होती. नवरा पेपर वाचत होता.)

ती शाल शेळीच्या अंगावरच्या मऊ लवेची असते, असंही मोबाइलवर शोधून वाचलं. होळीला तुमच्या शेजारच्या भिकनआबांच्या शेळ्यांना मी कंगवा का करत होते, असं तुम्ही विचारलं होतंत आणि मी 'अभ्यास' म्हणाले होते. तो हा अभ्यास. तीन दिवसांत मूठभर लव निघाली. तिला असा वास होता की पप्पांनी गॅसवाल्याला फोन लावला. शेवटी मी मेन रोडवरून बारीक लोकर आणली. पण मला अजून प्रश्न पडतो, थंडी तर आपल्याकडेही पडते, मग आपल्या शेळ्यांनी अशी लव का नाही ठेवली? तुम्ही विज्ञान शिकवायचात, सवड झाली तर कळवा.

नक्ष्यांची नावं ऐकून तर तुम्हालाही गंमत वाटेल. एक 'मांजराचा पंजा', एक 'मासळी', आणि एक (मामा, रागावू नका) 'उंदराची वाट'. छोट्या छोट्या भोकांची तिरकी रांग असते, कांद्याच्या चाळीतल्या धुळीत उंदीर पावलं उमटवून जातो अगदी तशी. म्हणजे तुमच्या शालीवरून उंदीर चालत गेलेला होता हे खरं, पण त्याने तोंड लावलेलं नव्हतं.

मध्यभागी जी मोठी आठ पाकळ्यांची चांदणी होती (तुमचा अंगठा ज्यातून बाहेर आला ती) ती मात्र युक्रेनची. तिकडच्या एक आजी व्हिडिओवर शिकवतात. त्यांच्या भरतकामातली चांदणी मी भोकांत बसवली. त्या बोलतात त्यातलं मला काही कळत नाही, हात तेवढे कळतात. कधी कधी मध्येच बाहेर भोंगा वाजतो, त्या सुया खाली ठेवतात आणि व्हिडिओ तिथेच संपतो. पुढच्या व्हिडिओत त्या त्याच ओळीपासून सुरू करतात. मला वाटलं, एकीकडची किनार आणि दुसरीकडची चांदणी निदान एका शालीत तरी शेजारी बसाव्यात. त्या सहजासहजी बसल्या नाहीत. जिथे दोन्ही भेटतात तिथे अठरा टाके जास्त यायचे, आणि चार वेळा उसवल्यावर मी दोघींचेही थोडे थोडे कमी केले.

आता मूळ गुन्हा. वाचनालयाच्या सत्काराच्या शाली आमच्या लोखंडी कपाटात खालच्या कप्प्यात असतात, कारण पप्पा चिटणीस. (त्या पाच-सहाच आहेत. पाहुणे संकोचून खुर्चीवर ठेवून जातात आणि त्या परत कपाटात येतात.) माझी शाल धुऊन, टाचण्यांनी गादीवर ताणून वाळवल्यावर मी त्याच कप्प्यात, तसल्याच पिशवीत ठेवली. का? तर उंदीर लागू नयेत म्हणून. पप्पांनी घाईत वरची पिशवी उचलली. पुढचं तुम्ही सोसलंत. अध्यक्ष महेशकाकांनी शाल उलगडली, ट्यूबलाइटचा उजेड तिच्यातून आरपार तुमच्या सदऱ्यावर पडला, आणि पहिल्या रांगेतून भिमाबाई ओरडल्या, "अगं बया, उंदरांनी खाल्ली की वं! मास्तरांची काही लाज?" मी मागून हात वर करून 'नक्षी आहे, नक्षी आहे' म्हणत होते, पण लोकांना वाटलं मी आभार मानतेय. मग तुम्ही माइकवरून म्हणालात की पस्तीस वर्षं मुलं घडवली त्याचं हे फळ, आणि बहिणीच्या, उज्वलाच्या, उंबऱ्याला पुन्हा पाय लावणार नाही. न जेवता सटाण्याची बस धरलीत. शाल मात्र पुरावा म्हणून घेऊन गेलात.

चूक माझी आहे. पप्पांची नाही, आईची तर मुळीच नाही. तिने तुमच्यासाठी मांडे केले होते, ते आम्ही तीन दिवस मान खाली घालून खाल्ले. शाल मला परत नको. अठरा तारखेच्या हस्तकला प्रदर्शनात ती मांडणार होते, निवड झाली तर विणकामाच्या वर्गासाठी वर्षभर खोली मिळते, अकरा बायकांनी नावं दिली आहेत (भिमाबाईंचं पहिलं आहे), पण ते माझं मी बघेन. तुम्ही फक्त आईला फोन करा.

मामींना नमस्कार, पल्लवीला आशीर्वाद. (ती माझ्याहून दोनच महिन्यांनी लहान आहे, पण पदवी मला आधी मिळाली.)

तुमची,
राखी

ता. क. शाल परत नको हे मी संस्कार म्हणून लिहिलं. शाल हवी आहे. आठ महिन्यांचं काम चौदा दिवसांत पुन्हा होत नाही, मी हिशेब करून पाहिला. कोणी नाशिकला येणार असेल तर त्याच्याकडे द्या. घडी घालू नका, गुंडाळा.

ता. क. २. मामी नीटनेटक्या आहेत म्हणून भीती वाटते. त्यांनी भोकं रफू केली असतील तर कृपया त्यांना रागावू नका आणि उसवूही देऊ नका. मी स्वतः येईन.

ता. क. ३. पाकिटाला डिंक लावला आणि पल्लवीचा फोन आला, म्हणून पाकीट चहाच्या वाफेवर परत उघडलं आहे. मामा, पल्लवी म्हणते की तुम्ही चौदा दिवस ती शाल अंगावरून उतरवलेली नाही. पहाटे आरम नदीकडे फिरायला जाता तेव्हाही तीच, आणि मामींनी हात लावला तर 'पुरावा आहे, पुरावा आहे' म्हणता. त्या दिवशी बसमध्येच तुम्ही शेजारच्या माणसाला म्हणालात म्हणे, "हात लावून देखा, कितली मऊ शे!"

तेव्हा वरचं सगळं रद्द. शाल पाठवू नका, ती तुमचीच. मात्र अठरा तारखेला सकाळी नऊला परीक्षक येणार आहेत, आणि सटाण्याची पहिली बस तोवर पोचत नाही. म्हणजे तुम्हाला आदल्या संध्याकाळीच आमच्याकडे यावं लागेल. आईला मी अजून काही सांगितलेलं नाही. प्रदर्शनाच्या अर्जात 'वस्तू कशी मांडणार' असा रकाना आहे: भिंतीवर, टेबलावर की पुतळ्यावर. मी तिन्ही खोडून 'मामांच्या अंगावर' असं लिहिलं आहे. पेनाने.