तळ्याकाठच्या घरातलं सामान

शुक्रवार, १३ मे १९९४, मनामा, बहारीन

तळ्यात उतरण्याआधी आई अरुणच्या नि माझ्या पाठीला सुका भोपळा बांधायची, बुडू नये म्हणून. उन्हाळ्याच्या सुट्टीतली रोजचीच सकाळ.

आज अरुणचा पुण्याहून फोन. तळ्याकाठचं घर विकलं, महिनाअखेर रिकामं करायचंय. "ताई, सामानाचं लवकर सांग, नाहीतर भंगारवाला ठरवेल."

भोपळे अजून खुंटीला आहेत म्हणे. लेकीला विचारलं, हवेत का? "ममा, व्हॉट फॉर?" खरंच, इथे फ्लॅटमध्ये कशाला? रडू आलं नाही. यायला हवं होतं का?

उद्या अरुणला सांगायचं: पाणी तापवायचा बंब राखणदाराच्या सुनेला. भोपळे गावातल्या पोरांना, शोभेला नव्हे, पोहायला. आणि आई तळ्याकडे तोंड करून बसायची ती आरामखुर्ची मला. बोटीनं पाठव म्हणावं. कुठे ठेवायची ते मी बघेन.