वरच्या मजल्यावरची खुर्ची

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार, कंबर परवानगी देईल तेवढा वाकून. तुझे गुडघे, जावयांचं पित्त आणि जुळ्यांचे पडू घातलेले दात, सगळं यथास्थित असेल अशी आशा आहे. आम्ही इकडे बरे आहोत. (ही म्हणते, मी जरा जास्तच बरा आहे, कारण दिवसभर घरात असतो.)

तुझं पत्र मिळालं. महिनाअखेरीला वरची जागा सोडते म्हणतेस. सोड बापडी. मालक या नात्याने माझी काही हरकत नाही. नोकरीतून मोकळी झाल्यावर भावाजवळ राहीन, पण फुकट राहणार नाही, असं ठणकावून तू ती जागा भाड्याने घेतलीस, पलंग टाकलास, वेताची खुर्ची आणलीस, पडदे लावलेस, आणि लेकीची जुळी जरा चालायला लागू देत, मग येते, म्हणून जी गेलीस ती गेलीसच. जुळी आता शाळेत पळतात. भाडं मात्र एकदाही चुकलं नाही. लोकांना भाडं बुडवून राहणारे भाडेकरू मिळतात. मला न राहता भाडं देणारी मिळाली, आणि वर ती मोठी बहीण, म्हणजे खडसावायचीही सोय नाही.

रिकामी जागा म्हणजे मालकाची चैन, असं लोकांना वाटतं. अगं, नाकी नऊ येतात. नळ अधूनमधून सोडावे लागतात, नाहीतर आधी नुसता खोकल्याचा आवाज येतो आणि मग तांबडं पाणी. खिडक्या उघडल्या नाहीत तर गादीला वास येतो, उघडल्या तर कबुतरं येतात. संध्याकाळी वर जाऊन दिवाही मीच लावतो. तो चोरांसाठी, म्हणजे इथे कोणी राहतं असं त्यांना वाटावं. मग खाली रस्त्यावर जाऊन बघतो, तसं वाटतं का. वाटतं.

आता मुख्य गोष्ट. तुझ्या जागेत कोणीतरी येतं. खुर्ची भिंतीशी ठेवून यावी, तर दुसऱ्या दिवशी ती खिडकीकडे वळलेली. एकदा तर बेसिनमधला कप ओला. चोरीला काहीच जात नाही, हे मला जास्त संशयास्पद वाटलं. तुला ठाऊकच आहे, मी जन्मभर कुलूप-किल्ल्यांचं दुकान चालवलं. (आता चिरंजीव चालवतात, पण पाटीवर अजून माझंच नाव आहे.) समोरच्या फुटपाथवर तो दुसरा किल्लीवाला बसतो. त्याच्या किल्ल्या कुलपात अडकतात, हे मी गिऱ्हाइकांना वर्षानुवर्षं स्वतःहून सांगत आलो. असं असताना माझ्याच बहिणीचं कुलूप कोणीतरी उघडतं, म्हणजे माझं नाकच कापलं की. मी कुलूप बदललं. दुकानातलं सगळ्यात भारी, दार ओढलं की आपोआप लागणारं, माझ्या हाताने बसवलं. किल्ली एकच, आणि ती आमच्या दाराशी खिळ्याला. थोडे दिवस बरे गेले आणि खुर्ची पुन्हा खिडकीकडे.

शेवटी पाळत ठेवायचं ठरवलं. सकाळी फिरायला जातो असं सांगून निघालो तो जिन्याने थेट वर. किल्ली खिशात घातली, दार आतून ओढून घेतलं आणि गॅलरीत दबा धरून बसलो. थोड्या वेळाने आत पावलं वाजली. मी उठून झडप घालणार, एवढ्यात गॅलरीच्या दाराची कडी आतून लागली. चोर माझ्यापेक्षा सावध निघाला. मी ओरडलो तशी पावलं पळाली. खाली पेपरवाला दिसला, त्याला हाका मारल्या. तो वर बघून शांतपणे म्हणाला, "काका, तिथे कोणी राहत नाही," आणि सायकल मारत निघून गेला. ही घरात होती म्हणून वाचलो. बिचारी दुसऱ्या हाकेला धावत आली, दार उघडून आत शिरली, कडी काढली, पाणी दिलं, चोराला शिव्याही घातल्या. तिला दरदरून घाम फुटला होता. आपल्यासाठी कोणी एवढं घाबरतं, हे या वयात बघून बरं वाटलं.

तेव्हा ताई, जागा खुशाल सोड. माझ्यामागची कटकट जाईल. जुळ्यांना गालगुच्चे.

तुझा,
भाऊ

ता. क. सोडू नकोस. दुकान सोडल्यापासून या घरात मी जिथे बसतो तिथेच नेमकं झाडायचं असतं. म्हणून दुपारी नळ सोडायला जातो म्हणतो आणि तुझ्या पलंगावर पडतो. भाडं नाही दिलंस तरी चालेल. हिला यातलं काही माहीत नाही, उत्तर जपून लिही.

आणखी एक ता. क. तू येणार आहेस असं मी अजून सगळ्यांना सांगतो. जागा सोडलीस की ते सांगता येणार नाही, आणि मला ते फार लागेल. पाकीट डकवायला हिच्याकडे देतो आहे.

वन्संना नमस्कार. पाकीट डकवायला माझ्याकडे आलं, म्हणून आधी वाचून घेतलं. यांचं दुपारचं मला ठाऊक आहे. वर घोरतात ते खाली ऐकू येतं. गॅलरीची कडी मीच लावली. दार उघडं दिसलं की लावायची सवय, दुसरं काही नाही. हे दिवसभर घरात, आणि भाजी कशी चिरायची इथपासून शिकवतात. म्हणून हे फिरायला गेले की मी वर जाऊन तुमच्या खुर्चीत गप्प बसते. किल्ली समोरच्या फुटपाथवर करून घेतली होती, कुलूप बदलल्यावर पुन्हा घेतली. त्या दिवशी खिळ्याची किल्ली यांच्या खिशात, म्हणजे गॅलरीत होती. मग मी दार कशाने उघडलं, हा प्रश्न यांना अजून पडलेला नाही.

दिवा मात्र चोरांसाठी नाही. रस्त्यावर उभे राहून बराच वेळ वर बघतात, आणि घरात येऊन म्हणतात, "ताई आल्यासारखी वाटते." तेव्हा वन्सं, जागा सोडू नका, राहायला या. तुम्ही आलात की आम्हा दोघांनाही वर राजरोस येता येईल. तुमची जुनी किल्ली आता चालणार नाही, म्हणून सोबत नवी घातली आहे. फुटपाथवरचीच आहे, पण जराही अडकत नाही. माझ्यासाठी एक ठेवून घेतली आहे.