आतल्या खोलीची अर्धी भिंत

स्वस्ति श्री सकलगृहरक्षणधुरंधर, सुधाकलशधारिणी, भित्तिभंगभयनिवारिणी, शिडीसिंहासनाधीश्वरी, कुंचकास्त्रविद्यापारंगत, पतिदर्पदमनपटीयसी, अखंडसौभाग्यमंडित अनसूयाबाई यांसी, मुक्काम जेथे असेल तेथे. अमरावती येथील बुधवाऱ्यातील त्यांच्याच गृहाचे विद्यमान व्यवस्थापक, सरकारमान्य संस्कृताध्यापक, परंतु तूर्त केवळ नवशिके रंगारी, आपादमस्तक चुन्याने लिंपित असे त्यांचे यजमान यांजकडून अनेक आशीर्वाद. पतीने पत्नीस नमस्कार लिहू नये, असे रूढी म्हणते. आज माझी कंबरही तेच म्हणते.

प्रिय अनसूये,

बिरुदावली संपली. तू समोर असतीस तर दुसऱ्याच बिरुदाला म्हणाली असतीस, "पुरे झालं तुमचं पुराण! कामाचं सांगा नं." आणि त्या 'अखंडसौभाग्या'वर रागावू नकोस. सौभाग्य अखंड राखण्याची युक्ती तू फार चांगली साधलीस. माझ्या आधी निघून गेलीस. मला विचारले तरी होतेस का?

आता कामाचे. आतल्या खोलीची भिंत वाळते आहे. ओल्या भिंतीला हात लावायचा नाही, तिच्याकडे फार वेळ पाहायचेही नाही, हा तुझाच दंडक. मग या दोन रिकाम्या हातांनी मनुष्याने करावे तरी काय? म्हणून पत्र लिहितो आहे. तू गेल्यापासून लिहावे असे पुष्कळदा वाटले. पण तुझी खुशाली विचारता येत नाही, आणि माझी सांगण्याजोगी नाही. आज मात्र विषय आहे, आणि तो सर्वस्वी तुझ्या अधिकारातला आहे.

आपल्या कुमुदला सातवा लागला. ऐकलेस का? तू आजी होणार!

पहिले बाळंतपण माहेरी व्हावे, यात वाद नव्हता. वाद असा निघाला, की जिथे आईच उरली नाही ते माहेर म्हणावे का? आपले व्याही वकील. त्यांनी अकोल्याहून निरोप धाडला, की घर प्रत्यक्ष पाहिल्यावाचून सुनेला पाठवणार नाही. कुमुदने मात्र जावयाकरवी मला एकच सांगून पाठवले होते : "बाबा, मला आपल्याच घरी यायचंय. आईच्या खोलीत." लेकीने बापाकडे लुगडे मागावे, दागिना मागावा. हिने खोली मागितली, आणि तीही तुझी!

मी त्याच दिवशी अकोटला जाऊन तुझ्या आक्काला विनवले. त्या निःसंकोच आल्या. आल्या आल्या म्हणाल्या, "मास्तर, मी आली म्हणून रडू नका. मले रडकं माणूस आवडत नाही." तेव्हा बाईमाणसाचा प्रश्न मिटला. उरली खोली.

त्या खोलीचे वर्णन तुला काय करावे? गेल्या दिवाळीच्या तोंडावर खिडकीपासून निम्म्या भिंतीपर्यंत तू चुना मारलास, खाली उतरलीस, म्हणालीस, "अंग मोडून आल्यासारखं वाटून राहिलं. बाकीची उद्या मारते." त्यानंतर ताप, वैद्य, काढे, आणि तू पुन्हा शिडी चढली नाहीस. ती दिवाळी आम्ही केली नाही. भिंत तशीच राहिली : खिडकीकडची तुझी, कापूस फुटला की सकाळी शेतावर जे फिकट आभाळ असते त्या निळाईची, आणि दाराकडची जुनी, धुराने पिवळलेली. वर्षभर मी त्या खोलीत गेलो की तोंड खिडकीकडे करून बसत असे.

ती निळाई आणायची कशी? तू गावातला रंगारी कधी घरात येऊ दिला नाहीस. मग मी तरी कसा येऊ देणार? कळीचा चुना आणला, रॉकेलच्या रिकाम्या डब्यात विझवला. अंगरख्याच्या बाहीला आधी दोन भोके पडली आणि मग समजले, की विझताना तो उसळतो. तू हे बोलली नव्हतीस! पुढे त्यात नीळ कालवली. मी ओल्या कुंच्याचा एक पट्टा तुझ्या भिंतीलगत ओढला. काय सांगू? तंतोतंत! तिळमात्र फरक नाही! न्यायशास्त्रात प्रत्यक्षाहून बलवत्तर प्रमाण नाही, असे आक्कांना मी समजावून सांगितले आणि बाकीची सारी भिंत एका दमात मारून काढली.

दुपारी ती वाळली. ताक, अनसूये! निव्वळ पांढरे ताक!

ओला चुना गडद दिसतो आणि वाळला की उजळतो, हे आमच्या न्यायशास्त्रात कोठेही नाही. मी चिडून दुसऱ्या हाताला मूठभर नीळ अधिक टाकली. ती वाळल्यावर आक्का दारात उभ्या राहिल्या. "हे काय करून ठेवलं मास्तर? बाळंतिणीची खोली आहे का शंकराचं देऊळ?" मग तिच्यावर पुन्हा पांढऱ्याचे दोन हात दिले.

तुला मी विचारले नव्हते, असे नाही. एकदा खाली उभा राहून विचारले होते, "नीळ किती घालायची?" तू म्हणालीस, "दिसते तेवढी." "म्हणजे किती?" "तुमच्या डोयाले नाही दिसत ते. काहून विचारता? तुमी काय शिडीवर चढून राहिले?" हे उत्तर झाले का? मी विद्यार्थ्याला असे उत्तर दिले असते तर हेडमास्तरांनी माझ्याकडे खुलासा मागितला असता. पण तुझा तो 'काहून'! लग्नानंतर तो 'का' व्हावा म्हणून मी वर्षभर खटपट केली होती. आता शाळेबाहेर कोणी शेतकरी दुसऱ्याला 'काहून रे?' म्हणाला, तरी मी उगीच थांबतो. तो प्रश्न मला नसतो, हे ठाऊक असते. तरी थांबतो.

या घरात तू काय काय केले नाहीस? आढ्याच्या लाकडांना जवसाचे तेल चोळलेस. आठवडाभर माझा वर्ग नाक धरून बसत होता. माझ्या पुस्तकांना जागा नाही म्हणून मातीच्या भिंतीत कोनाडा खणायला घेतलास. पहार घातलीस ती पलीकडच्या काशीबाईंच्या स्वयंपाकघरात निघाली! मी लज्जेने गतप्राण. तिकडून काशीबाईंचा हात आला, हातात पिठल्याची वाटी. "अनसूबाई, आल्याच आहात तर चव पाहा." आणि तू ती खाल्लीस! वर मलाच म्हणालीस, "बरं झालं. आता विरजण मागाले गल्ली वळून जाणं नाही." पुस्तके अजून ट्रंकेत आहेत. त्या कोनाड्यातून आजही सकाळी एक वाटी येते. वाटी धुऊन परत सरकवतो.

आणि या सगळ्यात माझे कर्तृत्व एकच : शिडी धरणे. उभ्या संसारात मी शिडी धरली. खालून मला काय दिसे? तुझा चेहरा नाही. भिंतीवरून टपकलेल्या चुन्याने पांढरी झालेली तुझी पावले आणि पायांतली जोडवी. तू वरून हुकूम सोडायचीस, चुन्याचे थेंब माझ्या शेंडीवर पडायचे, आणि मी त्या जोडव्यांशी वाद घालायचो. परवा प्रथमच मी स्वतः वर चढलो. अर्ध्यावर मान आपोआप वर गेली. वर काय होते? आढे. एवढे लहान घर, आणि त्या शिडीवरून ते केवढे रिकामे दिसते! तू कधी सांगितले नाहीस.

असो. व्याही आले त्या दिवसाचे सांगतो.

काळा अल्पाकाचा कोट, पगडी, हाती काठी, मुद्रा न्यायाधीशाची. सर्व घर हिंडले. विहिरीत डोकावले. चूल पाहिली. मग आतल्या खोलीत उभे राहून म्हणाले, "शास्त्रीबुवा, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. तुम्ही थोर विद्वान. पण घरात बाईमाणूस नाही."

"आक्का आहेत," मी म्हणालो.

"त्या पाहुण्या."

स्वयंपाकघरातून आक्कांचा आवाज आला, "अन् तुमी कोण, घरमालक?"

व्याही गंभीर झाले. "पोरीच्या जिवाचा प्रश्न आहे. आमच्याकडे चार बायका आहेत, डॉक्टरीण दोन घरं सोडून आहे. इथं तुम्ही तिला काय, सुभाषितं म्हणून दाखवणार?"

खरे तर त्यांचे चूक काहीच नव्हते. कुमुदचा निरोप कानांत होता, आणि मी तिथे वादीसारखा नुसता उभा होतो. विचार करण्यासाठी व्याही भिंतीला टेकले, माझ्या अर्ध्या भिंतीला. पुष्कळ विचार केला. मग वळले, आणि त्यांच्या पाठीवर, खांद्यापासून कमरेपर्यंत, नकाशातला पांढरा शुभ्र मध्यप्रांत आणि खाली थोडा वऱ्हाड उमटलेला!

दारात आलेल्या आक्कांनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. मला वाटले, संपले. लेक गेली.

व्याह्यांनी कोट काढला, पाठ पाहिली. भिंतीवर बोट ओढले, बोट पाहिले. "डिंक घातला नाहीत?"

"डिंक?"

"चुन्यात, शास्त्रीबुवा! बाभळीचा डिंक भिजवून घातल्याशिवाय चुना धरतो का?" मग आवाज उतरवून म्हणाले, "दिवाळीला आमच्या घरी मीच मारतो. हौस आहे. अशिलांत बोलू नका."

आणि सवयीने ते खिडकीकडच्या भिंतीशी गेले. तिच्यावर तळवा दाबून फिरवला. तळवा पाहिला. कोरडा, स्वच्छ. पुन्हा जोराने घासला. कणभर निघाले नाही. "वा! हा हात कोणाचा?"

"आपल्या विहीणबाईंचा."

"मग उरलेली भिंत का नाही केली त्यांनी?"

"उद्या करणार होत्या," मी म्हणालो.

त्यांनी त्या भिंतीवरून आणखी एकदा हात फिरवला. या वेळी परीक्षा नव्हती. मग खाकरून म्हणाले, "सूनबाईला पाठवतो. बाज या निळ्या बाजूला घाला. तुमच्या बाजूला घातलीत तर नातू पिठात लोळल्यासारखा दिसेल."

"नात झाली त?" दारातून आक्का.

"तर तीही दिसेल, बाई!"

ते गेल्यावर मी तुझ्या भिंतीला पाठ लावून बसलो. वर्षभर पाहिली होती, पण टेकलो कधीच नव्हतो. मोडेल असे वाटे. बराच वेळ बसलो. उठून सदरा काढून पाहिला. अनसूये, पाठीवर काही नव्हते. एक ठिपका नाही! इतके पक्के काम कोणी सांगितले होते तुला? वकिलाच्या कोटावर माझा एवढा चुना गेला. तुझा थोडा माझ्या सदऱ्यावर आला असता तर काय बिघडले असते? मी तो सदरा धुवायला टाकला नसता.

काल डिंक भिजवला, आज सकाळी माझी बाजू डिंकाच्या चुन्याने पुन्हा मारली. तीच आता वाळते आहे. नीळ घातली नाही. तुझी छटा शोधणे मी सोडले. ती तुझ्या डोळ्यांत होती, आणि ते डोळे माझ्या हाती ठेवून गेली नाहीस. मध्ये एक सरळ रेघ दिसते : इकडे तू, तिकडे मी. लोकांना विचित्र वाटेल. आपल्यात तरी दुसरे काय होते?

तेव्हा वचन देतो. तुझ्या अर्ध्या भिंतीवर माझा काय, कोणाचाच कुंचा फिरणार नाही. दिवाळ्या येवोत आणि जावोत. कुमुदची बाज तिच्यालगतच असेल. मूल भिंतीला हात लावील, तोंड लावील, मी त्याला ओढणार नाही. आणि ते विचारू लागले, की ही भिंत निळी काहून, तर त्याचे भाषण शुद्ध न करता मी आधी उत्तर देईन.

तुझाच,
कुमुदचे बाबा

ता. क. त्या खोलीच्या दाराचे काय करावे? बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून आक्का ते लावायला सांगतात, आणि कडी कोयंड्यात बसत नाही. तू एका हाताने लावायचीस, दुसऱ्या हातात समई घेऊन, हे मी स्वतः पाहिले आहे. दार उचलून लावायचे की पायाने दाबून? उचलून पाहिले, दाबून पाहिले, खांदा दिला, खांदा दुखतो. सुतार म्हणतो, लाकूड पावसाने फुगले आहे, दिवाळीनंतर बघू. कुमुद परवाच्या गाडीने येते.