नाल्याकडचे पट्टे

२१ एप्रिल १९६९
आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आटोपली. गावभर नांगर चालू. माझं रस्त्याकडचं अर्धं वावर रीतीप्रमाणे खोल नांगरून झालं. नाल्याकडचं अर्धं मुद्दाम तसंच. तिथे कपाशीची ओळ येणार तेवढाच वीतभर पट्टा फाडायचा. मधली जमीन गेल्या सालच्या पाल्यापाचोळ्यासकट झाकलेली ठेवायची. दुसरं वर्ष.
पारावर कोणीतरी ओरडलं, "भाऊनी वावरना भांग पाडा!" सगळे हसले, मीही. हसू देत. तीन पावसाळे दोन्ही बाजू शेजारी शेजारी दाखवीन असा भर सभेत शब्द दिलाय. मध्ये नांगर लागला की सगळं पहिल्यापासून.
आबा तेवढे उठले. "हसा, हसा. तीन सालमा तुमीच भांग पाडशात." आबांचं वावर माझ्या बांधाला लागून, आणि माझ्या प्रत्येक सभेत पहिलं भाषण त्यांचं. असा माणूस पाठीशी असला की कशाची भीती?

२६ एप्रिल
दोन्ही पारडी प्रामाणिकपणे. गेल्या पावसाळ्यात नांगरलेल्या बाजूचं पाणी चिखल घेऊन नाल्यात गेलं. पट्ट्यांकडचं बरंचसं निवळ. पावसाने ओढ दिली तेव्हा नांगरलेल्या बाजूची कपाशी आधी मान टाकू लागली. पण कापूस त्याच बाजूला थोडा जास्त निघाला, खोटं कशाला लिहू. आणि कुंदा. खोल नांगरला की या गवताच्या मुळ्या वर येऊन उन्हात मरतात. माझ्याकडे न नांगरलेल्या जागेत तो माजला. एका वर्षावर निकाल द्यायला मी काय ज्योतिषी आहे? तीन वर्षं हवीतच.

४ मे
धुळ्याचं बोलावणं. शेतकऱ्यांचा मेळावा, विषय हाच. या वेळी आबा येत नाहीत, गुडघा धरलाय म्हणे. "तू जाय भाऊ. वावरनी चिंता करू नको, मी शे ना."
सौ.ने दशम्या बांधून दिल्या. परत कधी येणार, ते दोनदा विचारलं.

८ मे
धुळ्याला सभा जिंकली. म्हणालो, जमीन ही आपली दासी नव्हे, दरसाल तिचं पोट फाडण्याचा हक्क आपल्याला कोणी दिला? टाळ्या थांबेनात. 'येऊन पाहा माझं वावर' असं छातीवर हात ठेवून सांगितलं.
दुपारी एस.टी.तून उतरलो. फाट्यावरूनच दिसलं. नाल्याकडची बाजू काळीभोर. टोकापासून टोकापर्यंत ढेकळं.
बाकीचं उद्या. 

९ मे
इर्जिक घातली, एकाच्या नांगरणीला सगळ्या गावाचे बैल. माझ्या वावरात, माझ्या नावाने, मी नसताना. झाडून बठ्ठ्या गावाने बैलजोड्या आणल्या आणि सकाळच्या उन्हात माझं अख्खं वर्ष पुसून टाकलं. घरी पोचलो तो अंगणात पंगत बसलेली. वरण-बट्टी, घोटलेली वांगी. जो तो मला शाबासकी देतोय: "बरं झायं भाऊ, मन फिरनं तुनं!" आबांनी सांगितलं होतं की भाऊनेच बोलावलंय, स्वतः तोंडाने सांगायची लाज वाटते म्हणून धुळ्याला गेलाय.
इर्जिकीच्या पंगतीला तूप मालकाने वाढायचं. सौ.ने तपेली पुढे केली. माणसं उन्हातान्हात राबून आलेली, त्यांच्या बैलांच्या तोंडाला फेस. कोणाला काय ओरडू? वाढलं. आबांच्या पत्रावळीपाशी आलो. वर न बघता म्हणाले, "थोडंसं टाक."
हजारोंपुढे बोलणारा मी, आणि तिथे तूप वाढत पुढे सरकलो. त्या तुपाचा अर्थ गावाने लावून टाकलाय: भाऊ हरला आणि कबूल झाला.

१० मे
सौ.ला विचारलं, तुला ठाऊक होतं? इतक्या बट्ट्या काय आपोआप भाजल्या?
"होतं."
"आणि मला जाऊ दिलंस?"
"मजुरणी कुंद्यात पाय टाकत नव्हत्या. गेला पावसाळा मीच उपटला. व्याख्यान तुमचं, निंदणी माझी." मग तळवे पाहत उठली.
 

१४ मे
बांधावर आबांना गाठलं. गुडघा बरा दिसला.
"कुंदा तुना वावरमाईन मना वावरमा ऊना, भाऊ."
"बांध ओलांडून आला, तर मला सांगायचं होतं!"
"तुले काही सांगाले गयं का तू भाषन करस."
"आणि सभेत माझ्या बाजूने बोलत होता ते?"
"तठे तुना मान राखा, आठे मनं वावर."
किती सरळ म्हणाले! उघड्या विरोधकाशी मी जन्मभर भांडलो, त्यात मजा आहे. पण पंगत घालून गळा कापणाऱ्याशी कसं भांडायचं? उसळून विचारलं, गावाला खोटं का सांगितलंत?  ते वाकून बांधावरचा कुंदा उपटू लागले.

२३ मे
सावद्याहून निरोप: सभेला या, नंतर आम्ही बैलगाड्या जुंपून वावर पाहायला येतो. कळवलं, दाखवायला काही उरलं नाही. कारण लिहिलं नाही. आबांचं नाव लिहिलं असतं तर त्यांना या भागात कोणी उभं केलं नसतं. लिहिलं नाही, एवढंच. माफ केलं असा अर्थ नाही.

२ जून
ढेकळं वखरून झाली. पेरा जवळ आला. पहिल्यापासून धरायचं, की सरळ गावासारखं पेरून मोकळं व्हायचं? पुन्हा तीन वर्षं, आणि बांधावर तोच शेजारी.
सौ.ला म्हणालो, "यंदा कुंदा मी उपटेन."
"उपटा. मग बोलू."

५ जून
सकाळी नाल्याकडे ओळी आखायला गेलो. ओळींची जागा यंदा पक्की झाली तरच पुढल्या उन्हाळ्यात तेवढेच पट्टे फाडता येतील. दोरीचं एक टोक खुंटीला, दुसरं माझ्या हातात. जमीन भुसभुशीत, ताण दिला की खुंटी उपटून येई. तीनदा ठोकली.
आबा त्यांच्या वावरात उभे. बराच वेळ पाहत होते. मग बांध न ओलांडता म्हणाले, "भाऊ, धरू का दोरी?"
मी हातातलं टोक खाली ठेवलं.  घरी निघून आलो. दोरी गुंडाळून आणली नाही, तिथेच पडली आहे.