गुरुवारी गुंगीत मी काय बोलेन

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांगात आठ अंगं मोजतात, त्यात दात धरत नाहीत, म्हणून हा नमस्कार अजून पुरा आहे.) तुझा गुडघा कसा आहे? जिना उतरताना अजून करकरतो का? भावोजींचा खोकला गेला असं मागच्या पत्राच्या सुरुवातीला लिहिलं होतंस आणि तो परत आल्याचं त्याच पत्राच्या शेवटी, तेव्हा सध्या तो नक्की कुठे आहे ते कळव. इकडे दुकान ठीक, ही ठीक, शिलाई मशीन ठीक. मी सोडून सगळं ठीक.

येत्या गुरुवारी सकाळी दहा वाजता माझ्या वरच्या जबड्यात स्क्रू बसवणार आहेत. स्क्रू हा शब्द मी मुद्दाम लिहितोय. दवाखान्यात त्याला इम्प्लांट म्हणतात, किंवा 'छोटंसं रोपण' म्हणतात, जणू कुंडीत काही लावायचंय. पण डॉक्टरीणबाईंनी नमुना माझ्या तळहातावर ठेवला, आणि चाळीस वर्षं मशीन उघडून जोडणाऱ्या माणसाला स्क्रू ओळखता येतो. आटे होते त्याला. तो हाडात पिळून बसवायचा, मग तीन-चार महिने थांबायचं, हाडाने तो धरला की त्यावर दात चढवायचा. आणि हाडाने नाही धरला तर, असं मी विचारलं. 'काढून पुन्हा बसवू की, काका,' त्या म्हणाल्या. बटण तुटलं म्हणून गिऱ्हाईक परत आलं की मी हेच वाक्य याच सुरात म्हणतो. ते ऐकताना कसं वाटत असेल, हे मला त्या दिवशी कळलं.

तेव्हा मी घाबरलो आहे. उगाच शूरपणाचा आव आणत नाही. काल एका कारकुनाच्या पँटचे दोन्ही पाय डावे कापले. पण ताई, ही निम्मी भीती झाली. उरलेली निम्मी फक्त तुला सांगतो. तू तीस वर्षं मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होतीस, किती जणींची काय काय गुपितं पोटात घालून निवृत्त झालीस, त्यात भावाचं एक सहज मावेल.

दात कसा गेला ते तुला हिने फोनवर सांगितलंच आहे. बिस्किटाने गेला. तर तो बिस्किटाने गेला नाही.

आठ महिन्यांपूर्वी एका ओव्हरकोटाची बटणं लावत होतो. कोट जाड, दोरा त्याहून जाड आणि मेण लावलेला. कात्री कापडाखाली कुठेतरी गडप झालेली. (शिंप्याची कात्री आणि म्हाताऱ्याचा चष्मा हवे तेव्हा सापडत नाहीत, आणि माझ्याकडे दोन्ही आहेत.) मी दोरा दाताने तोडला. ही सवय हिने दहा वर्षांपूर्वी सोडवली होती, म्हणजे सोडवली असं तिला वाटत होतं. एरवी दोरा तुटतो. त्या दिवशी दोरा तसाच राहिला आणि दात तुटला. आधीच आतून पोखरून भरलेला दात, हिरडीपाशीच कडकन गेला. तोंड दाबून जिना चढून घरात आलो, तर ओट्यावर हिच्या बिस्किटांचा ताजा ट्रे. तुला माझा स्वभाव माहीत आहे, घाबरलो की मी समोर असेल ते खातो. एक उचललं, चावलं, आणि जी कळ गेली ती थेट मेंदूत. मी ओरडलो. ही वळली. बिस्किटावर रक्त, माझ्या हातात अर्धा दात.

'अगं बाई! माझ्या बिस्किटाने?'

मी खोटं बोललो नाही, ताई. मी फक्त मान हलवली. ती 'हो' म्हणून हलली की वेदनेने, हे आता माझं मलाही सांगता येणार नाही.

पुढे काय होईल हे तेव्हा कुणाला ठाऊक? मला वाटलं, दोन दिवस हळहळेल, विषय संपेल. पण त्याच आठवड्यात हिने भट्टी बंद केली. दोन शाळांची कँटीनं आणि कोपऱ्यावरचं दुकान, सोळा वर्षांची बांधलेली गिऱ्हाइकं, सगळ्यांना नाही म्हणून सांगितलं. 'घरच्या माणसाचा दात गेला, उद्या एखाद्या पोराचा गेला तर मी काय तोंड दाखवू?' बिस्किटांचे डबे धुऊन, पुसून कपाटावर उलटे ठेवले आहेत. मला पावाच्या कडा काढून देते, आणि त्या कडा स्वतः खाते. समोर बसून मी मधला मऊ भाग खातो. रोज ठरवतो, आज सांगू. पण असल्या गोष्टी पहिल्या दिवशी सांगितल्या तर दोरा असतात, आठ महिन्यांनी त्यांचा दोरखंड झालेला असतो.

नवा दात बसवायचा हट्टही तिचाच. (मी तसाच राहिलो असतो. पण ओठात टाचण्या धरल्या की एक हमखास फटीतून आत शिरते, आणि 'शर्ट' म्हटलं की शिट्टी वाजते. परवा एक सभ्य बाई त्यावरून गैरसमज करून घेऊन निघून गेल्या.) डॉक्टरीणबाई ओळखीच्या निघाल्या. त्यांचा शाळेचा गणवेश मीच शिवायचो. एका वर्षी बाही इंचभर आखूड झाली होती हे मला आठवलं, आणि त्यांनाही आठवत होतं. आधी जबड्याचा फोटो काढतात. एका खुंटीला दाताने धरून उभं राहायचं आणि यंत्र डोक्याभोवती फिरतं. अंगावर धातूचं काही नको म्हणाले, मी घड्याळ काढलं, पट्टा काढला, किल्ल्या काढल्या. फोटो पडद्यावर आला तसा तिथल्या मुलीचा चेहराच उतरला. माझ्या गळ्यापाशी दोन टाचण्या, स्वच्छ, ठळक. 'काका, तुम्ही काही गिळलंय का?' चाळीस वर्षांत किती टाचण्या तोंडात धरल्या, त्यांतल्या किती परत आल्या, याचा हिशोब कुणी ठेवलाय? शेवटी डॉक्टरीणबाईंनी माझी कॉलर उलटून दोन्ही टाचण्या काढून माझ्या हातावर ठेवल्या. फोटो परत काढावा लागला.

दुसऱ्या फोटोत कळलं की हाड दोन मिलिमीटर कमी आहे. आठ महिने चालढकल केली, तेवढ्यात ते आटलं. 'काका, कापड कमी पडतंय,' त्या म्हणाल्या, आणि हसल्या. ताई, हे वाक्य मी किती लोकांना ऐकवलं असेल! (त्यांतल्या निम्म्यांचं खरंच कमी पडायचं.) आता ते भरून काढायला कुपीतली हाडाची भुकटी घालणार, म्हणजे ठिगळच. कुणाचं हाड, असं विचारायचं मनात होतं. विचारलं नाही. उत्तर मिळालं असतं.

दुसऱ्या वेळी फक्त माप घ्यायला बोलावलं होतं. खुर्ची मागे झुकली, दिवा डोळ्यांवर आला, शेजारच्या खोलीत काहीतरी किर्रर्र वाजलं. त्यानंतरचं मला आठवतं ते थेट दुकानातलं. मी एका गिऱ्हाइकाच्या कमरेचं माप घेतोय आणि तो माझ्याकडे टक लावून बघतोय. माझ्या गळ्यात दवाखान्याचा कागदी रुमाल साखळीसकट लटकत होता आणि बुटांवर त्यांच्या निळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या. तसाच दोन रस्ते ओलांडून आलो होतो.

म्हणून तिसऱ्या वेळी ही माझ्या दंडाला धरून आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काका फार घाबरतात, आपण गुंगीचं इंजेक्शन देऊ. जागे असतील, पण भीती वाटणार नाही आणि नंतर फारसं आठवणार नाही. मला हायसं वाटलं. मग त्या हिच्याकडे वळून सहज म्हणाल्या, 'मात्र घरचं कुणीतरी सोबत लागेल. त्यात काही जण खूप बोलतात हं. मागे एका काकांनी बायकोला तिच्या भावाबद्दल जे काय सांगितलं, आम्हीच खाली बघत होतो.' ही हसली. मी हसलो नाही. पुढे त्यांनी विचारलं, दाताने काही कडक तोडायची सवय? नखं, दोरा वगैरे? नव्या दातावर असला जोर चालणार नाही, म्हणून विचारतेय. मी तोंड उघडायच्या आत ही मान ताठ करून म्हणाली, 'छे हो! दोरा तर दहा वर्षांत नाही. मी सोडवलीय ती सवय.' काय तो अभिमान, ताई! मी छताकडे बघत बसलो. छतावर बघण्यासारखं काही नव्हतं.

आता तयारी जोरात आहे. सूचनांचा कागद हिने फ्रिजवर चिकटवलाय आणि झालेल्या गोष्टींवर खुणा करते. साखर तपासली, ठीक. गोळ्या आणल्या. कडू औषधाच्या गुळण्या सकाळ-संध्याकाळ, ही घड्याळ धरून समोर उभी. सहा तास आधी काही खायचं नाही. सैल बाह्यांचा कपडा घालायचा, म्हणून मी नवा शर्टच शिवला, दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधता येईल असा. (शेवटच्या बटणाच्या वेळी कात्री पुन्हा गडप झाली होती. पुढचं लिहीत नाही.) संमतीपत्र चार पानांचं आहे. त्यात 'क्वचित' हा शब्द अकरा वेळा आलाय: क्वचित सूज, क्वचित बधिरपणा, क्वचित आणखी काय काय. माझ्या पावतीच्या मागेही छापलंय, 'कापड आटल्यास दुकान जबाबदार नाही.' ते मी का छापलं हे मला माहीत आहे. म्हणून मला कळतं, अशी वाक्यं कधी लिहितात. एकदा घडून गेल्यावर.

भावोजींना नमस्कार. गुडघ्याला शेक देत जा.

तुझा धाकटा

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. तू बुधवारी इकडे ये. आल्या आल्या हिला सांग की गुरुवारी धाकट्याला मीच नेणार, लहानपणी लस टोचायलाही मीच नेलं होतं. तू म्हटल्यावर ती अडणार नाही. मग मी गुंगीत काय वाटेल ते बोललो तरी ऐकायला तूच.

ता. क. २. आत्ता चहा पिताना दुसरं सुचलं आणि ते जास्त बरं वाटतं. हिलाही येऊ दे. मी आत गेलो की तू बाहेर तिला दोऱ्याचं सगळं सांगून टाक. मी बाहेर येईपर्यंत ती रागावून झालेली असेल, आणि तोंडात कापूस असलेल्या माणसावर कुणी फार ओरडत नाही. तुला कडक बोलायची सवय आहे, मला नाही. एवढं कर.

ता. क. ३. वन्सं, नमस्कार. अक्षर ओळखलंत ना? पाकिटावर पत्ता घालायला पत्र माझ्याकडे दिलं, कारण त्यांचं अक्षर टपालवाल्याला लागत नाही. चिकटवून द्यायचं ते विसरले. दोन भांडी आपटली मी. खालून विचारलं, काय गं? म्हटलं, मांजर.

बिस्किटांचं म्हणाल, तर पहिला महिना मी खरंच रडले. दुसऱ्या महिन्यात सोळा वर्षांत पहिल्यांदा सकाळी सातपर्यंत झोपले. तेव्हापासून कुणी पुन्हा सुरू करा म्हटलं, की मी त्यांचा दात पुढे करते. हे त्यांना सांगू नका. अपराधी वाटतंय तोवर केर तेच काढतात.

तुम्ही ते 'हिला सांग' वगैरे काही करू नका. आत जायच्या आधी मीच त्यांना सांगेन की मला कळलंय. नाहीतर भीतीने तोंड घट्ट मिटून बसतील, आणि डॉक्टरांना ते उघडं लागतं.

पण तुम्ही याच. त्यांना वाटू दे की त्यांच्यासाठी आलात. तो अकरा 'क्वचित'चा कागद मीही वाचलाय, त्यावर सोबतच्या माणसाची सही मीच केलीय, आणि ती माझी वाटत नाही. आत गेल्यावर दार लावून घेतात आणि आपण बाहेर बसायचं, तासभर. वन्सं, तो तास मला एकटीला नाही जमणार.