जागच्या जागी अमरावती

जठारपेठ, अकोला
ता. २८ मार्च २००८

प्रिय आबेदा हीस,

रुख्मिणीचा नमस्कार, सलाम आणि दोन्ही कान धरून माफी. आम्ही इकडे सगळे बरे आहोत. माझी साखर डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे शहाण्यासारखी वागते आहे. तुझे गुडघे कसे आहेत? तेल लावतेस की बाटली तशीच फडताळात आहे? तुझा लाडका लेक अजहर कसा आहे? सूनबाई अमरीन कशी आहे? (ती चांगली आहे हे मला माहीत आहे. कसं ते पुढं सांगते.) आणि तुझा राग कसा आहे? सोळा दिवस झाले, तू माझा फोन उचलत नाहीस. घंटी वाजते तेव्हा तू त्या फोनकडे कशी बघत असशील ते मला इथून दिसतं. फोन तुला ठेवून देता येतो, पण पत्र तू अर्धवट टाकणार नाहीस. शाळेत असल्यापासून लिहिलेला-छापलेला कोणताही कागद, मग तो शेंगदाण्याच्या पुडीचा का असेना, शेवटपर्यंत वाचायची तुझी खोड आहे. त्या खोडीच्या भरवशावर लिहायला बसले आहे.

तर आधी कबुली. आबेदा, माझी सायकल हालत नाही. चाक फिरतं, साखळी फिरते, माझ्या कपाळावरून घाम गळतो, पण सायकल जिथं असते तिथंच असते. ती लोखंडी चौकटीत बसवून जमिनीला नटबोल्टने ठोकलेली आहे. अशा आठ आहेत आणि त्या आठही आमच्या दुकानामागच्या गोदामात आहेत.

गोदाम तुला आठवत असेल. तू आली होतीस तेव्हा खताच्या थप्प्या आढ्याला लागल्या होत्या आणि तू नाकाला पदर लावून बाहेर पळाली होतीस. आता तिथं थप्पी नाही. तीन वर्षं कपाशीनं दगा दिला, मग बियाणं-खत कोण नेणार? गावोगाव पाहणीच्या गाड्या फिरल्या, सरकारी मदतीची पॅकेजं जाहीर झाली, आणि उत्तमराव (आमचे हे) दुकानात बसून माश्यांची पाहणी करू लागले. अशात डॉक्टरांनी मला रोज चालायला सांगितलं. जठारपेठेत चालणं म्हणजे काय ते तुला कसं सांगू? दर चार दारांनंतर एक बाई विचारते, कुठं निघाल्या? कुठंच नाही, असं म्हटलं की तिला घरात काही तरी भांडण झालंय असं वाटतं. तीन दिवसांत माझ्या सुनेची निष्कारण बदनामी झाली आणि मी चालणं सोडलं.

तेव्हा महेजबीन देवासारखी आली. चौकातल्या सायकलवाल्या गयासुद्दीनभाईंची ही मुलगी, शाळेत खेळाची बाई आहे. तिनं कुठंतरी पाहिलं होतं की बाया एका खोलीत एकत्र बसून सायकल मारतात, पाय-पाठ-दंड सगळं मजबूत होतं आणि रस्त्यावरचा एकही माणूस बघत नाही. वडिलांच्या मागे लागून तिनं जुन्या सायकलींची ती आठ धुडं करवून घेतली. पुढं एक जड चाक, त्यावर चामड्याचा पट्टा, आणि हँडलखाली एक स्क्रू. स्क्रू पिळला की पट्टा आवळतो आणि पायडल जड होतं. ह्याला ती चढ म्हणते. तिला जागा हवी होती, आमच्याकडं जागेशिवाय काही उरलं नव्हतं. उत्तमराव आधी नाही म्हणाले, मग हो म्हणाले, मग स्वतःच झाडू घेऊन गोदाम झाडत बसले. त्या माणसाला सहा महिन्यांत पहिल्यांदा काही काम मिळालं होतं.

पण बाया येईनात! एकीला घरचे काय म्हणतील याची काळजी, दुसरीला पातळ चाकात जाईल याची, तिसरीचे पाय दुखतात म्हणून ती पायांना त्रास देणार नाही. शेवटी मी एक पाप केलं. संक्रांतीचं हळदीकुंकू गोदामात ठेवलं आणि सांगितलं की वाण सायकलवर बसून दहा मिनिटं पायडल मारणारीलाच मिळेल. (वाण म्हणून स्टीलचा डबा होता, घट्ट झाकणाचा. त्या डब्यासाठी जठारपेठेनं काय काय केलं ते मी कोणाला सांगणार नाही.) त्यातल्या दहा टिकल्या, मी अकरावी. आठ सायकली आणि अकरा बाया, म्हणून तिघी उभ्या राहून टाळ्या वाजवत आणि मग पाळी बदलत. सोम-बुध-शनि, दुपारी तीन ते चार. महेजबीन शिट्टी फुंकून ओरडायची, “काकी, चढ आला! सीट सोडा, उभ्या राहा!” आणि एकेकीचं अंग सीटवरून असं उठायचं की बिछान्यातून उठवायला घरी चार हाका लागतात ते खोटं वाटावं. दुपारी तीनला आमच्याकडं लाइट जाते. त्या वेळी अख्ख्या अकोल्यात फिरणारी चाकं फक्त आमची होती.

आता तुझ्या रागाच्या मुळाशी येते. नुसतं पायडल मारून बाया कंटाळतील म्हणून महेजबीननं भिंतीवर खडूनं अकोला ते अमरावती रस्ता काढला. गयासुद्दीनभाईंनी चाकाला आकड्यांची डबी बसवली होती, दर खेपेला सहा किलोमीटर व्हायचे आणि खडूची रेघ तेवढी पुढं सरकायची. आबेदा, काय सांगू, बाया त्या रेघेत जगू लागल्या. बोरगाव मंजू आलं की कोणीतरी चिवडा आणायचं. काटेपूर्णेच्या पुलावर दोघींनी नदीत नाणं टाकलं, म्हणजे महेजबीनच्या पाण्याच्या बादलीत. मूर्तिजापूरला तर गाडीच अडली. पार्बताबाई आमच्यात सगळ्यात मोठ्या, सदुसष्ट वर्षांच्या. मूळच्या बार्शीटाकळीकडच्या. दोन हंगाम पेरलेलं उगवलं नाही तसं त्यांच्या घरात कोणी कोणाशी बोलेनासं झालं, तेव्हा लेकीनं त्यांना इथं आणलं. इथं येऊनही वर्षभर त्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून होत्या. लेकीनं डब्याच्या लालचेनं आणून बसवलं. तर मूर्तिजापूर आलं आणि त्यांनी पाय थांबवले. त्यांचं माहेर तिथं. म्हणाल्या, “माहेराच्या येशीवरून तोंड लपवून जाऊ का मी? उतरवा मले.” मग काय, आम्ही अकराजणी दोन खेपा मूर्तिजापूरला मुक्कामी. त्यांनी घरून पुरणपोळ्या आणल्या, आम्ही त्यांची ओटी भरली, आणि ती बाई वर्षात पहिल्यांदा तोंडभर बोलली, भावांची नावं घेऊन घेऊन. उत्तमराव दारात येऊन डोकावले. “सायकल जागची हालत नाई, आन् तुमी मूर्तिजापूरले काहून थांबून राहिल्या?” पार्बताबाईंनी त्यांच्या हातात पोळी ठेवली.

आणि ह्या सगळ्याचा हालहवाल मी तुला फोनवर देत होते. खोटं मी एकही बोलले नाही, हे लक्षात घे. तू विचारायचीस कुठवर आलीस, मी म्हणायचे कुरणखेड. कुरणखेडलाच होतो आम्ही! आम्ही एस.टी.नं घरी परत येतो आणि पुढच्या खेपेला तिथून सुरू करतो, हे तू तुझं तूच ठरवलंस. मी फक्त हं म्हटलं. तो एक हं मला महागात पडला. पण तू ‘शाबास वं रुख्मे’ म्हणायचीस ना, ते ऐकायची इतकी सवय लागली की सांगायचं आज राहू दे, उद्या सांगू असं होत गेलं. चोपन्न वर्षांच्या बाईला कोण शाबास म्हणतं? मग एक दिवस तू सांगितलंस की माझं उदाहरण देऊन तू अजहरशी भांडते आहेस. अमरीनला नांदगाव पेठच्या कापड कारखान्यात शिवणाचं काम मिळालंय, कारखान्याची गाडी मोठ्या रस्त्यावर येते, तिथवर तीन किलोमीटर, आणि अजहर तिला सायकलनं जाऊ देत नाही. आणि शेवटी तो म्हणाला, “मावशी या वयात अकोल्याऊन सायकलनं आली, तं अमरीन बी जाईन.” तू हे आनंदानं ओरडून सांगितलंस आणि माझ्या हातातला फोन गार पडला. तेव्हा तरी खरं बोलायला हवं होतं. नाही बोलले. त्याच आठवड्यात अमरीन सायकलवर बसली.

बारा तारखेला, तुला आधी सांगितलेल्या बुधवारीच, दुपारी तीन चाळीसला खडूची रेघ अमरावतीला लागली. शिट्ट्या, टाळ्या, पेढे. पार्बताबाईंनी भिंतीला कुंकू लावलं. आणि मी मूर्ख, आनंदाच्या भरात तुला फोन केला की पोहोचलो गं! पलीकडून तू म्हणालीस, “कुठं पोचल्या वं? मी तं बडनेऱ्याच्या नाक्यावर उभी हाओ. हार सुकून राहिले!” मागून मला मोहल्ल्यातल्या पोरींचा कालवा ऐकू येत होता. अकरा हार, अकरा जणींचा स्वयंपाक, दुपारचं ऊन, आणि तुझे ते गुडघे. मी म्हटलं, “आबेदा, मी गोदामात आहे.” तू फोन ठेवून दिलास. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्यास तर बरं वाटलं असतं.

आता अमरीनची खुशाली मला कशी कळली ते. परवा तिनं चोरून फोन केला. म्हणाली, “मावशी, अम्मीनं घरी खरं सांगतलंच नाई. सांगतलं का तुमाले ऊन लागलं, बडनेऱ्याऊन परत पाठवलं. म्या रोज सायकलनंच जाऊन राहिली.” ते ऐकून मी गोदामात जाऊन एकटी रडले. इतक्या उन्हात मी तुला तोंडघशी पाडलं आणि तू घरी जाऊन माझीच लाज राखलीस. आबेदा, नांदगाव पेठच्या शाळेमागचा रस्ता आठवतो? तुझ्या भावाची ती उंच सायकल, मधल्या नळीखालून पाय घालून मी लटकलेली, आणि तू मागून कॅरिअर धरून पळत होतीस. “धरलं हाय, म्या धरलं हाय, तू चाल!” असं ओरडत होतीस. मी वळून पाहिलं तेव्हा तू पार वडाखाली, कमरेवर हात ठेवून उभी. माझ्या मागं कोणीच नव्हतं. अकरा दिवस चालवली मी सायकल. बाराव्या दिवशी काकांनी पाहिलं आणि माझं ते सुख संपलं. पण ते अकरा दिवस तू दिलेस. त्याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. चाळीस वर्षं उशीर झाला, पण आता मानते. तुझे माझ्यावर फार उपकार आहेत.

नुसतं मानून भागणार नाही, अजहरला कधी ना कधी कळेलच. म्हणून बारा तारखेच्या दुसऱ्याच दिवशी आम्ही खऱ्या सायकली बाहेर काढल्या होत्या. महेजबीन म्हणाली, काकी, पायात ताकद भरपूर आहे, चला. ताकद होतीच, तीच नडली. गोदामातली सायकल पडत नाही, वळत नाही आणि तिला ब्रेक नाही. मी पहिल्याच पायडलला सुसाट निघाले. समोर गाय आली. मी सवयीनं हँडलखालचा स्क्रू शोधायला लागले, चढ वाढवून थांबावं म्हणून! गाय बाजूला झाली, मी झाले नाही. पुढं गादीवाल्यानं पिंजलेला कापूस अंथरला होता, त्यात कमरेपर्यंत गेले. त्यानं मान वर करून शांतपणे सांगितलं, “काकू, गादी अजून शिवली नाई.” पण पंधरा दिवसांत पाचजणी बऱ्यापैकी चालवायला लागलो आहोत. एकीच्या नवऱ्यानं आपण होऊन बेल बसवून दिली. गल्लीत आता कोणी कुठं निघाल्या विचारत नाही, बाजूला होतात.

तर १३ एप्रिलला, रविवारी, आम्ही येतो आहोत. बडनेऱ्यापर्यंत टेम्पोनं, तिथून तुझ्या दारापर्यंत सायकलनं. अजहरला घरीच बसव, त्याला डोळ्यांनी पाहू दे. पार्बताबाईंना खरी सायकल जमत नाही, पण त्या टेम्पोत बसून यायला तयार नाहीत. म्हणाल्या, मी कोणाला फसवणार नाही. म्हणून त्यांची गोदामातली सायकल चौकटीसकट टेम्पोत बांधायची आहे आणि त्या अकोल्यापासून पायडल मारत येणार आहेत. मूर्तिजापूरला टेम्पो थांबेल, हे सांगायला नकोच.

तुझ्या घरच्या लहानमोठ्यांना माझा आशीर्वाद आणि तुझ्या रागाला दंडवत.

तुझी,
रुख्मिणी

ता. क. हार आणू नकोस. मला हात सोडून घालून घेता येणार नाही.

ता. क. पाचजणी चालवतात असं वर लिहिलं ते थोडं वाढवून लिहिलं. चौघी चालवतात. पाचवी मी. सायकल चालायला लागली की मला जमतं, सुरुवात जमत नाही. इथं महेजबीन मागून धरते, पण त्या दिवशी ती पुढं असणार.

ता. क. म्हणून हे सगळं पत्र. बडनेऱ्याच्या नाक्यावर एकदा परत उभी राहशील का? तुझे गुडघे मला माहीत आहेत, दहा पावलं पुरे. कॅरिअर धर आणि पहिल्यासारखं ओरड, धरलं हाय म्हणून. मग सोडून दे. या वेळी मी वळून बघणार नाही.